वसईतलं क्षमा आणि समेटाचं रिट्रीट: जरूर जा, पण एक सेशन बदलायला हवं

उपवासकाळात (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत) वसईच्या किनाऱ्याकडच्या एका छोट्या रिट्रीट हाऊसला शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार असं रिट्रीट, म्हणजे प्रार्थना आणि प्रवचनांचं शिबिर होतं, मी आणि नवरा दोघं गेलेलो. रूम साध्या पण स्वच्छ, शुक्रवार म्हणून मटण-चिकन नाही, मच्छीचं कालवण आणि तांदळाची भाकरी, जेवण एकदम छान. हॉलमध्ये मागे माईकचा आवाज येत नाही, तेवढं बघा.

आता मेन गोष्ट. आपल्याकडे क्षमा म्हटलं की "जाऊ दे गं, विसर आता" एवढंच सांगतात आणि तेही ज्याचं नुकसान झालंय त्यालाच. वाडीच्या हिश्श्यावरून, विहिरीवरून भावाभावांचं बोलणं बंद आहे अशी घरं प्रत्येक गावात आहेत. इथल्या फादरांनी पहिल्याच टॉकमध्ये सांगितलं की क्षमा एकट्याने करता येते, समोरचा माफी मागो न मागो, पण समेटाला दोघं लागतात आणि ज्याने घेतलंय त्याला परत द्यावं लागतं. बायबलमधला जकातदार जक्कय येशू भेटल्यावर नुसता सॉरी म्हणाला नाही, ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत देतो म्हणाला. आणि मत्तयच्या शुभवर्तमानाच्या ५व्या अध्यायात अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाकडे जा असं येशू सांगतो ते कोणाला, तर ज्याच्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे त्याला! म्हणजे आधी उठून जायचं ते दुखावणाऱ्याने. येशूने सांगितलेल्या निर्दयी चाकराच्या गोष्टीत, त्याचं स्वतःचं मोठं कर्ज माफ झालेलं असूनही सोबत्याकडून तो जे वसूल करायला बघतो ते शंभर दिनारसुद्धा मजुराची शंभर दिवसांची मजुरी होती, म्हणजे तुमचं दुःख किरकोळ आहे असं येशू कुठेच म्हणत नाही, हे ऐकून मला खूप बरं वाटलं.

सिस्टर राणी मरिया या ननबद्दलही सांगितलं. १९९५ ला मध्य प्रदेशात समुंदर सिंहने त्यांचा खून केला, २००२ मध्ये त्यांच्या सख्ख्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, जेलमध्ये जाऊन त्याला राखी बांधली, त्यालाही पश्चात्ताप झाला, पुढे त्याच्या सुटकेसाठी राणी मरियांच्या घरचेच झटले. हॉलमध्ये सगळे रडत होते, मीपण.

सगळ्यात बेस्ट म्हणजे प्रश्नांच्या चिठ्ठ्यांची पेटी, नाव लिहायचं नाही. एका चिठ्ठीत विचारलेलं, दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याला क्षमा केली तर परत नांदायला जायलाच पाहिजे का. फादर स्पष्ट म्हणाले, नाही, जिवाला धोका असेल तर वेगळं राहायची परवानगी चर्चच्या कायद्यातच आहे, कलम ११५३. हे प्रत्येक पॅरिशमध्ये (गावागावातल्या चर्चमध्ये) मोठ्याने सांगायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

पण शनिवारी दुपारचं ग्रुप शेअरिंग मला अजिबात पटलं नाही. कोणाला क्षमा करता येत नाही ते दहा जणांसमोर बोलायचं, आणि वसईत कोण कोणाचं हे सगळ्यांना माहीत, नाव नाही घेतलं तरी कळतंच. एक ताई बोलता बोलता रडायलाच लागल्या आणि मग कोणाला काय करावं कळेना. असलं बोलणं पापनिवेदनात, म्हणजे फादरांपुढे एकट्याने पापं कबूल करताना ठीक, तिथे ऐकलेलं फादर कोणालाच सांगू शकत नाहीत. आयोजकांनी ते सेशन काढून तो वेळ चिठ्ठ्यांना द्यावा, बऱ्याच चिठ्ठ्या वाचायच्या राहिल्या.

फी परवडणारी आहे. भांडण असलेली भावंडं जाणार असाल तर बुकिंग करतानाच वेगळ्या रूम मागा, देतात.