‘पिशवी वाचवू’ म्हणत २४ हजार उकळले

मी तासगावची, वय ३९. पाळीत इतकं अंगावरून जायचं की महिन्यातले तीन-चार दिवस शाळेला दांडी. सोनोग्राफीत ॲडिनोमायोसिस निघालं. म्हणजे गाठ नव्हे. गर्भपिशवीचं आतलं अस्तर तिच्याच स्नायूत शिरतं आणि पिशवी जाड होते. पहिले डॉक्टर म्हणाले, “दोन मुलं आहेत ना? मग काढून टाका.” तीन मिनिटांत विषय संपला. दुसरा काही उपाय आहे का, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

तेवढ्यात नणंदेनं सांगलीतल्या एका ‘केंद्रा’चं कार्ड आणलं. तिथला गृहस्थ अगदी घरच्यासारखा. “ताई, पिशवी काढली की कंबर गेली समजा. आपण गाठ विरघळवू.” मी म्हटलं, डॉक्टर तर गाठ नाही म्हणाले. “ते काय सांगणार!” तिथंच उठायला हवं होतं. तीन महिन्यांचा कोर्स, २४ हजार, रोख. पुड्यांवर ना घटक, ना बॅच, ना परवाना क्रमांक. दुकानातल्या आयुर्वेदिक डबीवर हे सगळं छापलेलं असतं. बिल मागितलं तर कोऱ्या चिठ्ठीवर आकडा.

दोन महिने खरंच कमी झालं. मी आणखी दोघींना तिथं पाठवलं, त्याची लाज अजून जात नाही. पुड्या संपल्या आणि नऊ दिवस थांबेना. हिमोग्लोबिन ६.८, मिरजेत रक्त चढवलं. पुड्यांत हॉर्मोनची गोळी कुटली होती का, विचारलं तर तिथल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, “तपासल्याशिवाय कसं सांगू?”

पण बाकीचं त्यांनी अर्धा तास बसून सांगितलं. पिशवीत बसवायची हॉर्मोनची तांबी (लेव्होनॉर्जेस्ट्रेल, ५२ मिलिग्रॅम). रोजची हॉर्मोनची गोळी (डायनोजेस्ट, २ मिलिग्रॅम). महिन्याचं इंजेक्शन, पण हाडं ठिसूळ होतात म्हणून सोबत दुसरं औषध नसेल तर ते सहसा सहा महिन्यांपुढं देत नाहीत. पिशवीच्या रक्तवाहिन्या बंद करणं, अल्ट्रासाउंडच्या उष्णतेनं रोगट भाग जाळणं, किंवा तेवढाच भाग कापून काढणं. हे सगळीकडे होत नाही आणि प्रत्येकीला चालत नाही. मूल हवं असेल तर सगळा हिशेबच बदलतो. “यातलं काहीही विरघळवत नाही. त्रास आटोक्यात ठेवायचा, पाळी जाईपर्यंत.”

मी तांबी बसवली. पहिले तीन महिने डाग पडत राहिले, आता बरं आहे. पैसे मागायला गेले तर गृहस्थ “बाहेरगावी”.

पाठवलेल्या दोघींपैकी एकीला फोन केला. म्हणाली, “अगं, मला तर फरक वाटतोय. अजून एक महिना बघते.” शनिवारी तिला रक्त तपासायला घेऊन जाणार आहे.