नवाहो आरोग्य कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण कोणाकडे सोपवावे? तीन मार्गांचा तुलनात्मक आढावा

अमेरिकेतील नवाहो नेशनमध्ये, म्हणजे नवाहो या आदिवासी समाजाच्या स्वशासित प्रदेशात, घरोघरी जाणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाचा विचार करताना तीन पर्याय समोर येतात. हे प्रशिक्षण आरोग्य खात्याने रुग्णालये आणि सहयोगी संस्था यांच्या मदतीने नोकरीतच द्यावे, एखाद्या राज्य विद्यापीठाकडे सोपवावे, किंवा नवाहोंच्या स्वतःच्या महाविद्यालयाशी करार करून त्याला प्रमाणपत्राचे आणि पुढे पदवीचे रूप द्यावे. तिन्ही पर्यायांचा तेथे काही ना काही अनुभव आहे. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेणारे मराठी विद्यार्थी, तसेच गडचिरोली, मेळघाट किंवा नंदुरबारमध्ये आशा कार्यकर्त्यांसोबत काम करणाऱ्या संस्था यांच्यापुढे जवळपास हाच प्रश्न उभा राहतो, म्हणून ही तुलना मराठीत मांडत आहे. माझे मत आधीच सांगतो: कणा महाविद्यालयाचा असावा आणि बाकीच्या दोघांनी त्याला जोडून घ्यावे. मात्र हा निर्णय चुकीचा ठरेल अशा परिस्थितीही आहेत, आणि त्यांचाही विचार पुढे केला आहे.

नवाहो नेशन अॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत पसरले असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे 71,000 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ पाव, आहे. स्थानिक कारभार 110 चॅप्टरमध्ये, म्हणजे स्थानिक प्रशासकीय विभागांत, वाटलेला आहे. घरे एकमेकांपासून दूर आहेत, अनेक रस्ते कच्चे आहेत आणि अंदाजे 30 टक्के घरांत नळाचे पाणी नाही. घरोघरी जाणाऱ्या या कार्यकर्त्यांचा ‘कम्युनिटी हेल्थ रिप्रेझेंटेटिव्ह’ म्हणजेच सीएचआर हा कार्यक्रम येथे 1968 पासून आहे. आदिवासी राष्ट्रांना आपापल्या सेवा स्वतः चालवण्याची मुभा देणारा संघीय कायदा 1975 मध्ये आला आणि आज हा कार्यक्रम नवाहो आरोग्य खाते चालवते. आपल्याकडच्या आशा कार्यकर्तीला मुख्यतः कामागणिक मोबदला मिळतो, तर सीएचआर हा नवाहो नेशनचा पगारी कर्मचारी असतो. त्याच्या प्रशिक्षणाची चर्चा त्याच्या नोकरीच्या श्रेणीशी आणि पगाराशी जोडलेली असते ती यामुळेच.

पहिला मार्ग नोकरीतल्या प्रशिक्षणाचा. त्याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे न्यू मेक्सिकोतील गॅलप येथून काम करणारी कोप (कम्युनिटी आउटरीच अँड पेशंट एम्पॉवरमेंट) ही संस्था. नवाहो सीएचआर कार्यक्रम, बॉस्टनचे ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटल आणि पार्टनर्स इन हेल्थ ही आंतरराष्ट्रीय आरोग्य संस्था यांच्या सहकार्यातून 2009 मध्ये ती उभी राहिली. गृहभेटीत रुग्णासमोर उलटत जाता येतील अशी चित्रपत्रके तिने तयार केली, रुग्णाला उपदेश करण्याऐवजी त्याच्याकडूनच निर्णय वदवून घेण्याची संभाषणपद्धती शिकवली आणि सीएचआरला दवाखान्याच्या उपचार-गटाशी जोडण्याचे प्रयत्न केले. हे शेवटचे काम बाहेरून वाटते तितके सोपे नाही. सीएचआर नवाहो नेशनचा कर्मचारी असतो, तर रुग्णालय कधी आदिवासींसाठीच्या संघीय आरोग्यसेवेचे (इंडियन हेल्थ सर्व्हिस), कधी 1975 च्या कायद्याखाली स्वतंत्र झालेल्या स्थानिक मंडळाचे असते. त्यामुळे रुग्णाची नोंद कोणी पाहावी आणि कोणी लिहावी, यासाठीही वेगळा करार लागतो. या सहकार्यात सहभागी झालेल्या मधुमेही रुग्णांच्या रक्तातील साखरेचे नियंत्रण तुलनेत सुधारल्याचे अभ्यासांत दिसले आहे, आणि एवढे ठोस फलित बाकीच्या दोन मार्गांना सहज दाखवता येणार नाही.

या मार्गाची उणीव त्याच्या यशातच दडलेली आहे. प्रशिक्षण रुग्णालयाच्या गरजेतून येत असल्याने ते मधुमेह, रक्तदाब, औषधांचे पालन अशा रुग्णालयाला दिसणाऱ्या प्रश्नांभोवती फिरते. नवाहो भूमीवर 1944 ते 1986 या काळात युरेनियमचे खाणकाम झाले आणि 500 हून अधिक सोडून दिलेल्या खाणी मागे राहिल्या. 16 जुलै 1979 रोजी चर्च रॉक येथे बांध फुटून किरणोत्सारी पाणी पुएर्को नदीत गेले. कोणत्या विहिरीचे पाणी जनावरांसाठी ठीक आणि माणसांसाठी नाही, हे सांगण्याची वेळ सीएचआरवर येतेच, पण उपचार-गटाच्या प्रशिक्षणात या विषयाला जेमतेम जागा मिळते. शिवाय एखाद्या कार्यकर्त्याने अनेक वर्षांत कितीही कार्यशाळा केल्या, तरी त्यांचे श्रेयांक (पदवीसाठी मोजले जाणारे क्रेडिट) होत नाहीत, आणि परिचारिका किंवा आरोग्य शिक्षक होण्यासाठी त्याला पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहावे लागते. मला ही गोष्ट फार अन्यायाची वाटते.

राज्य विद्यापीठांचा मार्ग थोडक्यात आटोपता येईल. फ्लॅगस्टाफचे नॉर्दर्न अॅरिझोना विद्यापीठ, टक्सनचे अॅरिझोना विद्यापीठ आणि अल्बुकर्कीचे न्यू मेक्सिको विद्यापीठ यांच्याकडे साथरोगतज्ज्ञ आहेत, प्रयोगशाळा आहेत आणि संशोधन निधी आणण्याचा अनुभव आहे. युरेनियमच्या संपर्काचा माता-बालकांवरील परिणाम अभ्यासणारा नवाहो जन्म-समूह अभ्यास न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या सहभागातूनच उभा राहिला. मात्र ही तिन्ही शहरे नवाहो भूमीच्या बाहेर आहेत. अॅरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही आणि नवाहो नेशन करते, त्यामुळे फ्लॅगस्टाफला नऊ वाजता सुरू होणारा ऑनलाइन वर्ग नवाहो भूमीवरील चिनलीच्या कार्यकर्त्यासाठी उन्हाळाभर दहाचा असतो. ही बाब किरकोळ दिसली, तरी गृहभेटींचे वेळापत्रक सांभाळणाऱ्या माणसाला ती रोज सोसावी लागते. त्याहून गंभीर प्रश्न माहितीच्या मालकीचा आहे. बाहेरच्या संशोधकांनी नमुने आणि मुलाखती घेऊन जाव्यात आणि लोकांना निष्कर्ष कळूही नयेत, असे आदिवासी समाजांबाबत वारंवार घडले आहे. नवाहो नेशनने 1996 मध्ये स्वतःचे मानवी संशोधन परीक्षण मंडळ स्थापन केले, त्यामागे ही पार्श्वभूमी आहे. विद्यापीठाशी केलेल्या प्रशिक्षण करारात विद्यार्थ्यांनी गोळा केलेल्या माहितीचा उल्लेख नसेल, तर तो करार अपुरा समजावा.

आता तिसरा मार्ग. डिने कॉलेजची (नवाहो लोक स्वतःला ‘डिने’ म्हणतात) स्थापना 1968 मध्ये नवाहो कम्युनिटी कॉलेज या नावाने झाली आणि आदिवासी राष्ट्राच्या नियंत्रणाखाली उभे राहिलेले ते अमेरिकेतील पहिले महाविद्यालय. मुख्य परिसर चुस्का पर्वताच्या पायथ्याशी, सेली येथे आहे, आणि शिपरॉक, चिनली, क्राउनपॉइंट, ट्यूबा सिटी, विंडो रॉक येथेही वर्ग चालतात. सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक्रम तेथे आहेत. नॉर्दर्न अॅरिझोना विद्यापीठाबरोबरच्या भागीदारीतून उन्हाळी संशोधन प्रशिक्षणही चालत आले आहे, ज्यात विद्यार्थी आपल्याच समाजातील आरोग्यप्रश्नावर काम करतात. दुसरी संस्था क्राउनपॉइंटचे नवाहो टेक्निकल विद्यापीठ. 1979 मध्ये कौशल्य केंद्र म्हणून सुरू झालेली ही संस्था 2013 मध्ये विद्यापीठ झाली, आणि तिचा भर व्यवसायाभिमुख, हाताने करून शिकण्याच्या अभ्यासक्रमांवर राहिला आहे. नाडी, रक्तदाब, पायाची तपासणी, नोंदी यांसारख्या कौशल्यांच्या तुकडीसाठी दुसरी संस्था अधिक सोयीची ठरू शकते, तर समाजाचा आरोग्य-अभ्यास आणि नियोजन शिकवायचे असेल तर पहिली.

महाविद्यालयाच्या बाजूने सर्वांत वजनदार कारण मात्र गृहभेटीतच सापडते. मधुमेहाच्या वृद्ध रुग्णाला, औषध न घेतल्यास पाय कापावा लागेल, असे तोंडावर सांगणे हे रुग्णालयीन प्रशिक्षणात प्रामाणिक माहिती देणे समजले जाते. अनेक पारंपरिक नवाहो घरांत मात्र वाईट गोष्ट एखाद्या माणसाबद्दल थेट उच्चारणे म्हणजे ती ओढवून घेणे मानतात, आणि असे बोलणारा कार्यकर्ता पुढच्या वेळी दारात नकोसा होतो. मुरलेला कार्यकर्ता तीच माहिती तिसऱ्याच कोणाची गोष्ट म्हणून सांगतो. एखाद्या माणसाच्या पायाला जखम झाली, त्याने ती दाखवली नाही, मग काय झाले. त्याआधी तो आपल्या कुळांची ओळख देतो, नाते लागते का ते पाहतो आणि मगच कामाकडे वळतो. हे सारे बाहेरच्या अभ्यासक्रमात ‘सांस्कृतिक संवेदनशीलता’ नावाच्या एका तासात उरकले जाते. डिने कॉलेजमध्ये विचार, नियोजन, जगणे आणि चिंतन या चार टप्प्यांची नवाहो शिक्षणदृष्टी सगळ्याच अभ्यासक्रमांचा पाया मानली जाते, आणि भाषेचे शिक्षकही त्याच आवारात असतात. 1963 मध्ये राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक मिळालेल्या अॅनी डॉज वॉनेका यांनी क्षयरोगाविरुद्धच्या मोहिमेत हीच वाट चोखाळली होती: रोगाचे शास्त्र नवाहो भाषेत बसवायचे, आणि पारंपरिक वैद्यांना वगळून नव्हे तर त्यांच्याशी बोलून. 1993 मध्ये उंदरांपासून पसरणाऱ्या हंताव्हायरसची साथ आली, तेव्हा भरपूर पाऊस-बर्फानंतर पिनॉन या पाइन वृक्षाच्या बिया अमाप आल्या आणि उंदीर वाढले, हा दुवा ज्येष्ठांच्या परंपरेत आधीपासून होता. असे ज्ञान आणि साथरोगशास्त्र एकाच वर्गात शिकवण्याचा अधिकार आणि क्षमता या महाविद्यालयाकडे आहे.

त्याच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. आदिवासी महाविद्यालयांत शिक्षकांची संख्या कमी असते, आणि एक प्राध्यापक नोकरी सोडून गेला तर अख्खा अभ्यासक्रम वर्षभर लंगडतो. सत्राचे वेळापत्रक साथीच्या काळाची वाट पाहू शकत नाही. मे 2020 मध्ये लोकसंख्येच्या प्रमाणात करोनाचा संसर्ग न्यूयॉर्क राज्यापेक्षाही जास्त झाला, तेव्हा संपर्क शोधणे आणि विलगीकरणातल्या घरांना पाणी-अन्न पोहोचवणे ही कामे सत्र संपेपर्यंत थांबवता येण्यासारखी नव्हती. अशा प्रसंगी पहिला मार्गच योग्य. तसेच निवृत्तीच्या जवळ आलेल्या, भाषा आणि वाटा तोंडपाठ असलेल्या कार्यकर्त्याला महाविद्यालयीन गणित-इंग्रजीच्या प्रवेश परीक्षेतून जायला लावणे म्हणजे चांगला माणूस गमावण्याची तयारी करणे आहे. महाविद्यालय पूर्वानुभवाचे श्रेयांक देणार नसेल, तर या गटासाठी त्याच्याशी करार करू नये.

पैशाच्या बाजूने अलीकडे पारडे महाविद्यालयाकडे झुकले आहे. न्यू मेक्सिकोने 2014 मध्ये आणि अॅरिझोनाने 2018 मध्ये समुदाय आरोग्य कार्यकर्त्यांच्या ऐच्छिक प्रमाणनाचा कायदा केला, आणि अॅरिझोनाच्या मेडिकेड या कमी उत्पन्न गटासाठीच्या सरकारी आरोग्यविमा योजनेत 2023 पासून प्रमाणित कार्यकर्त्यांच्या सेवांचा परतावा मिळू लागला. त्यामुळे मान्य प्रशिक्षण आता कार्यक्रमाच्या उत्पन्नाशी जोडले गेले आहे. दुसरीकडे, 2019 च्या संघीय अर्थसंकल्पाच्या प्रस्तावात संपूर्ण सीएचआर कार्यक्रमच बंद करण्याची शिफारस होती. अमेरिकेच्या संसदेने (काँग्रेसने) ती मानली नाही, पण ज्याची नोकरी अशी एका प्रस्तावाने टांगणीला लागू शकते, त्याच्या हातात दुसरीकडे चालणारे श्रेयांक असणे ही त्याची खरी सुरक्षितता आहे.

कामाची वाटणी कशी करावी, याचा उपयुक्त नमुना अलास्कात दिसतो. तेथे दंत-आरोग्य कार्यकर्त्यांचे वैद्यकीय प्रशिक्षण आदिवासी आरोग्य संघटना देते आणि पदवी उत्क्विआग्विकचे इलिसाग्विक हे आदिवासी महाविद्यालय देते. नवाहो नेशनसाठी याचे रूप असे असावे: रुग्णाजवळचा सराव कोपसारख्या संस्थेच्या आणि रुग्णालयाच्या देखरेखीखाली, संख्याशास्त्र किंवा पर्यावरणीय आरोग्यासारखे विषय गरजेपुरते राज्य विद्यापीठाकडून, आणि नोंदणी, अभ्यासक्रम, श्रेयांक व प्रमाणपत्र डिने कॉलेज किंवा नवाहो टेक्निकल विद्यापीठाकडे. करार वाचताना आधी अनुदानाची वाटणी पाहावी. अनुदानाचा मुख्य प्राप्तकर्ता विद्यापीठ असेल आणि महाविद्यालय उपकंत्राटदार असेल, तर अनुदान संपताच तेथील शिक्षकाचे पदही संपण्याची भीती असते. म्हणून शिक्षकाचे किमान एक पद महाविद्यालयाच्या स्वतःच्या अर्थसंकल्पात आणण्याची मुदत करारातच लिहून घ्यावी. कार्यकर्त्याला अभ्यासासाठी पगारी वेळ देण्याचे कलम आरोग्य खात्याने मान्य केलेले नसेल, तर तिन्हीपैकी कोणताही मार्ग निवडण्याआधी तेवढे कलम मान्य करून घ्यावे, कारण संध्याकाळी कच्च्या रस्त्याने घरी पोहोचलेल्या माणसाकडून रात्री अभ्यासाची अपेक्षा ठेवणाऱ्या योजनेत गळती होणारच.