लहान गावातला पुस्तक महोत्सव: नुसतं जावं, मुक्काम करावा की हातभार लावावा?

एका मैत्रिणीचा परवा फोन आला. आडबाजूच्या एका गावात तीन दिवसांचा पुस्तक महोत्सव होतोय, तिथे जावं की तेवढाच वेळ आणि पैसा शहरातल्या मोठ्या महोत्सवावर खर्च करावा, असा तिला प्रश्न पडला होता. आणि जायचंच तर ऐकून परत यायचं, की काही मदतही करायची? फोनवर मी जे सांगितलं ते फार विस्कळीत होतं, म्हणून जरा नीट लिहून काढतोय. अशा महोत्सवांना मी श्रोता म्हणून गेलोय, दोनदा स्वयंसेवक म्हणून राबलोय आणि एकदा देणगी पाठवून घरीच बसलोय. या तिसऱ्या प्रकाराबद्दल पुढे सांगतो.

मोठा की लहान?

मोठ्या महोत्सवात नावं असतात. इंग्लंडमधलं चेल्टनहॅम १९४९पासून चालू आहे, आपल्याकडचं जयपूर २००६पासून. एका वेळी चार-पाच मंडपांत सत्रं, त्यामुळे आपल्या आवडीचं काहीतरी मिळतंच. मात्र आवडता लेखक दिसतो तो तिसाव्या रांगेतून, बहुधा पडद्यावरच. सहीच्या रांगेत पाऊण तास उभं राहायचं आणि आपली पाळी आली की लेखक मान वर न करता विचारणार, 'नाव?'

लहान महोत्सवात एका वेळी एकच सत्र. आवडो न आवडो, सगळे तिथेच. मला हीच गोष्ट सगळ्यात आवडते, पण सगळ्यांना ती रुचेल असं नाही. एकदा मला ऐकायचं होतं एका कादंबरीकाराला. त्यांची गाडी चुकली आणि त्यांच्या जागी एका वनस्पतीतज्ज्ञांना उभं केलं. ते दगडफुलावर बोलले. दगडफूल ही एक वनस्पती नाही, बुरशी आणि शैवाल यांचा तो संसार आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. तासाभराने बाहेर पडलो तर अर्धं सभागृह आवारातल्या भिंती निरखत उभं! मोठ्या महोत्सवात मी त्या सत्राकडे फिरकलोच नसतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. लहान ठिकाणी कार्यक्रमांचा दर्जा एकसारखा नसतो. पुस्तक न वाचता आलेला मुलाखतकार, खरखरणारा माइक, प्रश्नोत्तरांत स्वतःची कविता वाचून दाखवणारे काका, हे सगळं गृहीत धरूनच निघावं. एकाच ठरावीक लेखिकेला ऐकायची ओढ असेल तर ती जिथे असेल तिथे जा. लहान गावाबद्दलच्या जिव्हाळ्यापोटी उगाच मन मारू नका.

गावात भरतो म्हणजे महोत्सव लहानच असेल, असंही नाही. वेल्समधल्या हे-ऑन-वायची वस्ती दोन हजारांच्या आतबाहेर. रिचर्ड बूथ या जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराने १ एप्रिल १९७७ रोजी स्वतःला त्या गावाचा राजा म्हणून जाहीर केलं आणि गावाचं नाव झालं. १९८८मध्ये तिथे महोत्सव सुरू झाला. आज त्याला लहान म्हणायला जीभ धजावत नाही. स्कॉटलंडमधल्या विगटाउनला १९९८मध्ये पुस्तकांचं गाव म्हणून मान मिळाला आणि पुढच्याच वर्षापासून महोत्सव भरू लागला. वस्ती हजाराच्या घरात, पण तिथला महोत्सव अजून गावाच्या आवाक्यात राहिलाय.

म्हणून गर्दीच्या आकड्यापेक्षा महोत्सव कोणत्या जातीचा आहे ते आधी बघा. काही महोत्सव बोलण्याचे असतात: मुलाखती, परिसंवाद, कवितावाचन. काही विक्रीचे. ऑस्ट्रेलियातलं क्लून्स हे सोन्याच्या खाणींचं जुनं गाव. २००७पासून तिथे पुस्तकविक्रेते बाहेरून येऊन रस्तेच व्यापून टाकतात. तिथे रिकामी पिशवी घेऊन जायचं. तिसरी जात वाचण्याची. साताऱ्याच्या डोंगरातलं भिलार ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचं गाव झालं. तिथे गावकऱ्यांच्या घरांत पुस्तकं मांडलेली आहेत, बसा आणि वाचा. तो महोत्सव नव्हेच, वर्षात केव्हाही जाता येतं. तुम्हाला हवी आहे ती शांतता असेल तर महोत्सवाच्या तारखा टाळून अशाच गावी जा. महोत्सवात वाचन होत नाही, वाचनाबद्दल बोलणं होतं.

एक दिवस की मुक्काम?

एका दिवसात जाऊन येणारे बहुतेक जण शनिवारी येतात. सगळ्यात मोठं नाव शनिवारी संध्याकाळी असतं, आणि ते सत्र तुमच्याशिवायही भरतं. खरी दैना असते शुक्रवारी दुपारी आणि रविवारी शेवटच्या सत्राला.

शुक्रवारच्या दुपारी काय होतं ते मी आतून पाहिलंय. आम्ही साठ खुर्च्या मांडल्या होत्या. सत्राला दहा मिनिटं उरली तरी आत माणसं तेवीस, तीही विखुरलेली, मागच्या भिंतीला टेकून. तेव्हा आयोजक बाईंनी खूण केली आणि आम्ही चौघं आवाज न करता मागच्या तीन रांगा उचलून व्हरांड्यात नेऊ लागलो. बसलेल्यांना 'जरा पुढे या ना' म्हणत पुढे सरकवलं. कवयित्री आत आल्या तेव्हा खोली भरल्यासारखी दिसत होती. त्यांना कळलं असेलच, व्हरांड्यातल्या खुर्च्या खिडकीतून स्वच्छ दिसत होत्या. पण वाचलं मात्र त्यांनी झकास.

त्यामुळे एकच दिवस जमणार असेल तर शुक्रवार निवडा. तुम्हाला पुढची रांग मिळेल, सहीच्या वेळी चार शब्द बोलता येतील, आणि तुमच्या एका खुर्चीला तिथे जी किंमत आहे ती शनिवारी नाही.

मुक्काम केलात तर रंग वेगळाच. सत्रं संपल्यावर गर्दी पांगते आणि लेखक, विक्रेते, गावकरी, उरलेले श्रोते एकाच चौकात रेंगाळतात. दुसऱ्या दिवशी तुम्ही परके राहत नाही. तुमचे पैसेही इंधनात न जाता गावात राहतात. अडचण एकच: लहान गावात खोल्या मोजक्या, त्यातल्या बऱ्याच पाहुण्यांसाठी आधीच धरून ठेवलेल्या. ठरवायला उशीर झाला असेल तर शेवटच्या खोलीसाठी हट्ट न धरता दिवसाचाच बेत करा. परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते निघण्याआधी विचारून ठेवा. सोबत वयस्क माणूस असेल तर पायऱ्या आणि स्वच्छतागृह यांची चौकशी फोन करूनच करा. जुन्या इमारतींत याचा भरवसा नसतो आणि छापील पत्रिकेत ते कुणी लिहीत नाही.

मदत करायची तर कशी?

आयोजकांची वही एकदा मला बघायला मिळाली होती, तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. सभागृह, मंडप, ध्वनिव्यवस्था, लेखकांचा प्रवास, पत्रिकांची छपाई, या सगळ्याचा शब्द महोत्सवाच्या कितीतरी आधी द्यावा लागतो. अनुदान असलं तर ते बहुधा बिलं सादर केल्यावर येतं. आणि तिकिटं खपतात शेवटच्या पंधरवड्यात. मधल्या काळात दोन-चार माणसं आपल्या खिशातून पैसे घालत, रात्री आरक्षणाची यादी बघत बसलेली असतात. 'खपली का?' 'अकरा.' 'काल किती होती?' 'अकराच.'

म्हणून दोन महिने आधी काढलेलं तिकीट आणि दारात काढलेलं तिकीट यांची रक्कम तीच असली तरी वजन सारखं नाही. आधी आलेल्या पैशांवर आयोजक मंडप ठरवतात. दारात आलेल्या पैशांनी फार तर झालेला खड्डा बुजतो. तुम्ही जाणारच असाल तर आजच तिकीट काढा. यापेक्षा स्वस्त मदत मला माहीत नाही.

त्याखालोखाल वार्षिक सभासदत्व. रक्कम लहान असते, पण दरवर्षी येणार हे माहीत असतं, त्यामुळे तिच्या भरवशावर पुढचं काही ठरवता येतं. देणगी तिसऱ्या नंबरावर, आणि द्यायचीच तर 'कशालाही वापरा' म्हणून द्या. 'माझ्या आजोबांच्या नावाने पुरस्कार ठेवा' असं म्हटलं की चषक, परीक्षक, समारंभ हे सगळं त्यांच्याच गळ्यात पडतं. मी एकदा देणगी पाठवून घरी थांबलो, तर आयोजक बाईंचा फोन आला. आभार मानले आणि हळूच विचारलं, 'पण येणार आहात ना?' पैशांपेक्षा मी दोन माणसं घेऊन आलो असतो तर त्यांना जास्त बरं वाटलं असतं, हे त्या स्वरावरून कळलं.

मोठ्या प्रायोजकाच्या जोरावर हे सगळं सुटतं असं वाटत असेल तर २०२४ आठवा. बेली गिफर्ड या गुंतवणूक कंपनीच्या खनिज इंधनातल्या आणि इस्रायलशी संबंधित गुंतवणुकींवरून लेखकांनी मोहीम उघडली. मे महिन्यात हे-ऑन-वायच्या महोत्सवाने कंपनीचं प्रायोजकत्व थांबवलं, मग एडिनबराच्या पुस्तक महोत्सवाने. जूनमध्ये कंपनीनेच उरलेल्या साहित्य महोत्सवांतून हात काढून घेतला, त्यांत विगटाउनही होतं. कोण बरोबर, कोण चूक, हा वाद बाजूला ठेवू. एका ठिकाणाहून येणारी मोठी रक्कम काही आठवड्यांत जाऊ शकते. शंभर सभासद एकाच महिन्यात रुसून बसत नाहीत.

पुस्तक कुठून घ्यावं?

स्टॉलवर पुस्तक चाळायचं, मुखपृष्ठाचा फोटो काढायचा आणि तिथेच उभं राहून फोनवर सवलतीत मागवायचं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. विक्रेताही बघत असतो. तो काही बोलत नाही. न खपलेली पुस्तकं प्रकाशकाला परत करायच्या बोलीवर त्याने खोकी आणलेली असतात, आणि ती चढवण्या-उतरवण्याची मजुरी व वाहतूक बहुधा त्याच्या पदरची. शेवटच्या संध्याकाळी तो खोकी बांधायला लागतो तेव्हा पुस्तकं मोजत नाही, खोकं उचलून वजनाचा अंदाज घेतो. येताना होतं तितकंच जड लागलं की चेहऱ्यावर दिसतं.

स्टॉलवर घेतलेल्या नव्या पुस्तकात विक्रेत्याचा वाटा असतो, लेखकाची रॉयल्टी असते, आणि बऱ्याच ठिकाणी विक्रीतला काही हिस्सा महोत्सवाला जातो. जुन्या पुस्तकातून लेखकाला काही मिळत नाही, पण गावातलं दुकान वर्षभर त्यावरच तगतं. माझा नियम साधा आहे: हयात लेखकाचं नवं घ्यावं, दिवंगताचं जुनं. बजेट अगदीच तोकडं असेल तर ज्याचं सत्र ओस पडलं त्याचं एक पुस्तक घ्या.

घरातली नकोशी झालेली पुस्तकं पोत्यात भरून 'महोत्सवाला भेट' म्हणून नेऊ नका. आधी विचारा. बहुतेक वेळा ते पोतं उघडलं की जुनी परीक्षा मार्गदर्शकं निघतात आणि ती रद्दीत न्यायला पुन्हा एक माणूस लागतो.

श्रोता की स्वयंसेवक?

इथे भ्रम नको. दोन दिवस राबलो त्या वर्षी मी पूर्ण ऐकलेलं सत्र एक, आणि दुसरं अर्धं. दारावर उभं राहणाऱ्याला फक्त टाळ्या ऐकू येतात. ऐकण्यासाठीच जायचं असेल तर सरळ तिकीट काढून जा, त्यात कमीपणा काही नाही.

राबायचं असेल तर आधी कळवा आणि पूर्ण दिवस द्या. ऐनवेळी येऊन 'सांगा, काय करू?' म्हणणाऱ्याला काम समजावून देण्यातच एक जाणता माणूस अडकतो. कामं साधीच, पण त्यांत खुबी असते. सहीच्या रांगेत मी चिठ्ठ्या वाटायचो: प्रत्येकाने आपलं नाव सुवाच्य लिहून ती पुस्तकात घालायची, म्हणजे लेखकाला 'शर्मिष्ठा, ष ला ठा का?' असं विचारत बसावं लागत नाही. रांग निम्म्या वेळात सरते आणि लेखकाला मान वर करून बोलायला उसंत मिळते. तुमच्याकडे एकच संध्याकाळ असेल तर शेवटची द्या. मांडायला उत्साही मंडळी पुष्कळ असतात, आवरायच्या वेळी मात्र अचानक सगळ्यांची गाडी सुटायला आलेली असते.

मदतीला हात घालण्याआधी एक चौकशी जरूर करा: लेखकांना मानधन देतात का? जानेवारी २०१६मध्ये इंग्रज कादंबरीकार फिलिप पुलमन यांनी ऑक्सफर्ड साहित्य महोत्सवाच्या आश्रयदातेपदाचा राजीनामा दिला तो याच मुद्द्यावर. तिथे लेखकांना मानधन मिळत नव्हतं. लहान महोत्सवाला मोठी रक्कम झेपणार नाही हे उघड आहे. पण थोडी का होईना, नामवंताला आणि नवख्याला सारखीच रक्कम देणारे आयोजक मला भेटलेत, आणि त्यांच्यासाठी खुर्च्या उचलायला मी केव्हाही तयार असतो. मंडपाला पैसे, माइकवाल्याला पैसे आणि लेखकाला फक्त शाल, असा हिशेब असेल तर श्रोता म्हणून जा, स्वयंसेवक म्हणून नको.

मैत्रिणीचा काल पुन्हा फोन आला. शुक्रवारची दोन तिकिटं काढली म्हणाली, दुसरं बहिणीसाठी. दगडफुलावर काही आहे का, हेही तिने विचारून घेतलं होतं. या वर्षी नाही, विहिरींवर आहे.