ग्रेपनेट : पेटीचा माग लागतो, पैशाचा नाही

युरोपला द्राक्षं पाठवायची तर ग्रेपनेटवाचून, म्हणजे अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ऑनलाइन माग काढणाऱ्या प्रणालीवाचून, गत्यंतर नाही, आणि ते चांगलंच आहे.

प्लॉटची नोंदणी दरवर्षी कृषी विभागाकडे करायची. मग फवारणीची वही: तारीख, औषध, प्रमाण, कशासाठी मारलं. काढणीच्या तोंडावर एका बैठकीत भरलेली वही प्रयोगशाळेच्या रिपोर्टपुढे टिकत नाही. नमुना घ्यायला मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस बागेत येतो. आपण निवडून नेलेले घड चालत नाहीत. अवकाळी झाला की डाऊनी या बुरशी रोगाच्या धास्तीनं उशिरा फवारणी होते, काढणीपर्यंतचे दिवस कमी पडतात आणि मर्यादेपेक्षा जास्त रेसिड्यू, म्हणजे औषधाचा अंश, सापडतो. मग तो प्लॉट युरोपसाठी अडतो. पास झाला तर पॅकहाऊस, अ‍ॅगमार्कचा प्रतवारीचा दाखला, फायटो म्हणजे रोग-कीड नसल्याचा दाखला, आणि कंटेनर. पेटीवरच्या कोडवरून नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात नाशिकच्या दिंडोरीतला प्लॉट सापडतो.

ही कडक शिस्त का हवी, ते २०१० साली कळलं. वेलीची वाढ आवरायला वापरलं जाणारं सीसीसी (क्लोरमेक्वाट क्लोराइड) हे रसायन तपासणीच्या यादीतच नव्हतं, आणि युरोपची मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. कंटेनर अडकले, बागायतदार कर्जात गेले. त्यानंतर सीसीसी यादीत आलं.

देश श्रीमंत का होतात, याचं बरंचसं उत्तर इथे दिसतं. नेदरलँड्स महाराष्ट्राच्या जेमतेम सातव्या हिश्शाएवढा, तरी शेतमाल निर्यातीत जगात अगदी वरच्या रांगेत. त्यात आपल्यासारख्यांचा माल उतरवून पुढे विकणंही आलं. सुपीक माती आपल्याकडेही आहे. फरक असा की तिथे अनोळखी माणसाशी केलेला व्यवहार पुरा होतो. तिथल्या आल्समीर गावचा फुलांचा लिलाव उत्पादकांच्याच सहकारी संस्थेचा. खरेदीदार पैसे त्या संस्थेकडे भरतो, उत्पादकाला त्याच्या मागे फिरावं लागत नाही.

ग्रेपनेट नेमकं इथेच थांबतं, म्हणून पाचपैकी चार तारे. पेटी कुठली ते कळतं, तिचे पैसे मिळाले का ते कळत नाही. निफाड-दिंडोरीत बांधावरचा सौदा आजही बऱ्याचदा तोंडी होतो. व्यापारी माल उचलून गायब झाला की पोलीस ठाणं आणि कोर्टात वर्षं जातात, आणि पुढच्या छाटणीला सोसायटीचं कर्ज थकलेलं असतं. नोंदणी केलेल्या प्लॉटच्या प्रत्येक सौद्याला खरेदीदाराचं नाव, किलोचा भाव आणि पैसे द्यायची तारीख याच प्रणालीत भरणं सक्तीचं करता येईल. तोवर कात्री लावण्याआधी हे तिन्ही कागदावर सहीनिशी घ्या.