पायाकुंबुहजवळचा होमस्टे: पाचपैकी चार तारे

इंडोनेशियातल्या पश्चिम सुमात्रात, पायाकुंबुह शहराच्या पुढे भातखाचरांमधल्या एका छोट्या गावात राहिले. खोली साधी, गादी पातळ, गरम पाणी नाही. स्वच्छता चोख. रेंडांग (मसाल्यात आटवलेलं मांस) आणि नारळाच्या दुधातली कच्च्या फणसाची भाजी, दोन्ही अप्रतिम.

पण इथं यावं ते यजमानीणबाईंशी बोलायला. हे मिनांगकाबाऊ लोक. मुसलमान, तरी पिढीजात घर आणि शेत आईकडून मुलींकडे जातं. लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी येतो. जमीन कुळाची, एकट्याला विकता येत नाही. गहाण टाकायची तरी सगळ्यांची संमती हवी, आणि कारणंही ठरलेली: कुळाच्या मोठ्या घराची दुरुस्ती, मुलीचं लग्न, घरातला अंत्यविधी. हक्कसोडपत्रावर मुकाट सही करणाऱ्या बायकाच मी पाहिल्या होत्या. बाई आपल्या बांधावरून आईचं, आजीचं शेत दाखवत होत्या तेव्हा मला भरून आलं.

गाव आवडून जागा घ्यावीशी वाटली, तरी इंडोनेशियाच्या १९६०च्या भूमी कायद्याने पूर्ण मालकी परदेशी माणसाला मिळत नाही. रुपिया (तिथलं चलन) रोख न्या. जिना उभा आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी खालची खोली मागावी.