नवे म्हणून विकलेले जुने टेप ड्राइव्ह

रात्रीचा बॅकअप सकाळची शिफ्ट सुरू होईपर्यंत उरकेना, म्हणून पुण्यातल्या आमच्या कंपनीने टेप लायब्ररीत, म्हणजे बॅकअपच्या टेपा आपोआप घालणाऱ्या-काढणाऱ्या यंत्रात, आणखी दोन एलटीओ-8 ड्राइव्ह (टेपवर डेटा लिहिणारी-वाचणारी उपकरणं) बसवायचं ठरवलं. सगळ्यात स्वस्त कोटेशन मुंबईच्या एका पुरवठादाराचं होतं आणि वरच्या साहेबांचा जीव तिथेच अडकला. “फॅक्टरी सीलपॅक माल, तीन वर्षं वॉरंटी,” असं तो फोनवर छातीठोकपणे सांगायचा. चलनावर मात्र एवढंच: टेप ड्राइव्ह, 2 नग. ना पार्ट नंबर, ना सिरियल.

खोकी नवीकोरी, आतला फोमही नवा. ड्राइव्ह सरकवले, दिवे हिरवे झाले, बॅकअप सॉफ्टवेअरने स्कॅनमध्ये दोन्ही ओळखले. पुरवठादाराचा इंजिनिअर ड्राइव्ह बसवल्याच्या रिपोर्टवर सही घेऊन, चहा पिऊन गेला.

शनिवारच्या फुल बॅकअपला खरे रंग दिसले. नव्या ड्राइव्हवरचे जॉब रखडत होते, क्लीनिंग टेपची मागणी पुन्हा पुन्हा येत होती आणि 12 टीबीची टेप बरीच आधी ‘फुल’ होत होती. ड्राइव्हचं हेड, म्हणजे टेपवर लिहिणारा-वाचणारा भाग, झिजलं की असंच होतं. चुकलेला भाग ड्राइव्ह पुढे परत लिहितो, त्यात वेगही जातो आणि जागाही. पुरवठादाराचं उत्तर तयार होतं: “तुमच्या टेपा जुन्या झाल्यात.” मग एक कोरी टेप आमच्या जुन्या ड्राइव्हमध्ये घातली, ती बिनतक्रार चालली. तशीच दुसरी नव्यात घातली, तर तेच रडगाणं.

लायब्ररीच्या वेब पॅनलवरचा सिरियल काही वेळा लायब्ररीनेच त्या जागेला दिलेला असतो, त्यावर विसंबू नका. ड्राइव्हची कुंडली त्याच्या पोटात असते. ड्राइव्ह स्वतःच ठेवत असलेल्या नोंदींच्या ‘डिव्हाइस स्टॅटिस्टिक्स’ या लॉग पानावर आजवर किती टेपा लोड झाल्या, किती तास वीज चालू होती, सगळं मिळतं. लिनक्सवर एसजी-लॉग्ज कमांडने ते वाचता येतं. नव्या ड्राइव्हवर हे आकडे किरकोळ असतात, आमच्या दोन्हींवर लोड हजारांत होते. स्टिकरचा कोपरा नखाने उचकटला, तर खाली जुना डिंक आणि फाटलेल्या बारकोडचा तुकडा. आतला सिरियल उत्पादकाच्या साइटवर टाकला, तर वॉरंटी आमची पीओ (खरेदीची ऑर्डर) निघण्याआधीच संपलेली.

रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण दुरुस्त केलेला, माल तसा सांगून, त्या भावात विकला तर कुणाची हरकत नाही. आम्हीही घेतला असता, दुय्यम कामाला.

मग पुरवठादाराचा पैशांचा तगादा सुरू झाला: “आम्ही एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग), 45 दिवसांत पैसे द्या, नाहीतर व्याज लागेल.” 2006 चा तो कायदा खरा आहे. पण त्याच कायद्यात असंही आहे, की माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली, तर पुरवठादार ती दूर करेल तो दिवस माल स्वीकारल्याचा धरतात आणि 45 दिवस तिथून मोजतात. हे त्याने अर्थातच सांगितलं नाही. आमच्या खरेदीवाल्या मॅडमनी लॉगचे स्क्रीनशॉट जोडून मुदतीतच ईमेल टाकला. लगेच सूर बदलला, “गोडाउनमध्ये अदलाबदल झाली असेल.” बदलून आलेला ड्राइव्हही वापरलेलाच निघाला.

आता आमच्या पीओत लिहिलेलं असतं: चलनावर सिरियल हवा, वॉरंटी उत्पादकाच्या साइटवर आमच्या नावाने दिसायला हवी आणि लोडचा आकडा पाहिल्याशिवाय रिपोर्टवर सही होणार नाही. ड्राइव्ह परत गेले. अ‍ॅडव्हान्स मात्र अजून त्याच्याकडेच आहे, वकिलाची नोटीस गेली आहे.