गुग्गुळ कॅप्सूल: वास भारी, लेबल अर्धवट

दीड महिना रोज घेतल्या, आता लिहितेय. कोलेस्टेरॉल जरा वर गेलेलं, कुणीतरी म्हणालं झाडाचंच आहे, काय होतंय, आणि मीही मागवून मोकळी झाले. डबी उघडली की तो धुपाचा वास, एक स्टार त्यालाच.

लेबलवर मोठ्ठ्या अक्षरात 'गुग्गुळ अर्क ५०० मिग्रॅ'. बरं, पण त्यात गुग्गुलस्टेरोन किती? काम करतं असं मानतात ते हेच, ई आणि झेड असे त्याचे दोन प्रकार, आणि बाकी बराचसा भाग नुसता डिंक नि राळ. म्हणजे ५०० आकड्याला तसा काहीच अर्थ नाही, टक्केवारी छापा ना.

आता कोलेस्टेरॉलचं. २००३ साली 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता, १०३ जणांवर, ८ आठवडे, आणि त्यात २.५ टक्के गुग्गुलस्टेरोनवाला अर्क घेणाऱ्यांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उतरायच्या ऐवजी ४-५ टक्के वाढलं, नुसत्या खोट्या गोळ्या घेणाऱ्यांचं मात्र ५ टक्के उतरलं! भारतातले आधीचे अभ्यास चांगले आलेले, म्हणून तर १९८०च्या दशकात इथे त्याचं औषध बाजारात आलं, पण मला हे आधी वाचायला हवं होतं. माझंही वाढलंच, अर्थात माझ्या एकटीवरून काय ठरणार. वर तिसऱ्या आठवड्यात हातावर पुरळ, तेही त्या अभ्यासात सहाजणांना आलेलं.

सगळ्यात राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. प्रोप्रॅनोलोल आणि डिल्टियाझेम या बीपी-हार्टच्या गोळ्यांसोबत गुग्गुळ घेतला तर त्या गोळ्या रक्तात कमी पोचतात. कोलेस्टेरॉल असणाऱ्यांपैकी किती जण बीपीची गोळी घेतात सांगा, आणि डबीवर याबद्दल एक ओळ नाही!!

झाड जंगली की लावलेलं तेही लिहिलेलं नाही. कच्छ, बाडमेर, जैसलमेरकडचं हे काटेरी झुडूप, जास्त डिंक निघावा म्हणून खोल चिरा मारतात आणि झाड वाळून जातं, आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत ते अतिसंकटग्रस्त आहे.

उरलेल्या कॅप्सूल फोडून पावडर निखाऱ्यावर टाकली. घरभर मस्त वास.